बिनखटक्याचा चाकू

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण सुपारी कातरायला खिशातून चाकू काढला, की भंडारा जिल्ह्यातलं ते एक प्रकरण हमखास डोळ्यांपुढं येतं. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले. त्यांच्या बातम्याही छापून आल्या. पण अभिमानानं सांगावं असं एकच कोणतं, असं विचारलं तर मी हेच सांगतो. नावं कोणाची घेणार नाही. माणसं साधी होती आणि त्यांची मुलंबाळं अजून तिथंच नांदत आहेत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. साकोली भागातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार म्हणून रुजू झालो होतो. पोलिसाला रिव्हॉल्वर वर्षातून एखाद्या वेळी लागतं, चाकू मात्र रोज लागतो, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. मुद्देमालाच्या पुड्यांची सुतळी कापायची, जुनी लाख खरवडायची, पेन्सिलीला टोक करायचं, गळफास घेतलेल्याचा दोर गाठीला धक्का न लावता वरून कापायचा. दर वेळी शिपायाला "विळा आण रे" म्हणायची मला लाज वाटायला लागली. म्हणून एका बाजाराच्या दिवशी सानगडीला गेलो.

तिथं एक म्हातारा लोहार पोत्यावर चाकू मांडून बसायचा. मी तरुण होतो, खांद्यावरचे तारे नवे होते, त्यामुळं हात थेट खटक्याच्या चाकूवर गेला. बटण दाबलं की पातं सटकन बाहेर. म्हाताऱ्यानं मला दोन-तीनदा ते करू दिलं.

मग म्हणाला, "साहेब, मानूस भोसकाले पायजे का सुतळी कापाले?"

"सुतळी कापायला."

"मंग खटक्याचा कायले घेता? आज ना उद्या खिशातच उघडते तो, अन् मांडी फाडते. हा घ्या साधा."

त्यानं दिलेला चाकू दिसायला अगदीच गरीब होता. तीन बोटं लांब पातं, नखानं उघडायला पात्यावर एक खाच, आणि सागाची मूठ, तीही पॉलिश नसलेली. मी नाक मुरडलं. म्हातारा चिडला. पातं उघडून डावीउजवीकडं हलवायला लावलं; हललं तर घ्यायचा नाही म्हणाला. मूठ गुळगुळीत असली तर घामाच्या हातातून सुटते म्हणाला. शेवटी शेजारच्या भाजीवाल्याकडून एक कडक भोपळा ओढला, चाकूची मूठ दोनच बोटांनी धरली आणि पातं त्यात खुपसलं. भोपळ्याच्या सालीला अडून पातं मागं वळलं आणि मुठीत मिटलं.

"पाह्यलं? हा कापाचा चाकू हाय, भोसकाचा नाई. कोनी रागात खुपसला तं हाडाले लागून मिटते अन् मारनाऱ्याचेच चार बोटं कापते. म्हनून तं घरोघरी चालते."

तो चाकू मी घेतला. नंतर लक्षात आलं, की अर्ध्या तालुक्याच्या खिशात त्याच म्हाताऱ्याचा चाकू होता.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. उन्हाळी धानाला तलावाचं पाणी पाळीपाळीनं सुटायचं आणि ते सोडायला प्रत्येक गावी पाटकरी असायचा. एका गावच्या पाटकऱ्याला पहाटे कोणीतरी पाठीमागून चाकू मारला. तो गेट उघडायला वाकला होता. तसाच पाटात पडला आणि मारणारा पळाला. पाटकऱ्याला त्याचं तोंड दिसलं नाही. आठच्या सुमारास गावातला एक मध्यमवयीन शेतकरी ठाण्यात खबर घेऊन आला. म्हणाला, आपण गावातल्या एका पोराला पहाटे उघडा चाकू हातात घेऊन पाटाकडं जाताना पाहिलं. त्या पोराचं आठ दिवसांपूर्वी पाण्यावरून पाटकऱ्याशी चारचौघांत भांडण झालं होतं. मी फिर्याद लिहून घेतली आणि सहीसाठी पेन पुढं केलं.

"अंगठा घ्या साहेब. लग्नघरून येऊन राह्यलो, हात हळदीचा हाय. कागद खराब होईन."

उजवा हात त्यानं धोतराच्या सोग्यात धरला होता. मी डाव्या हाताचा अंगठा घेतला आणि कागद बाजूला ठेवला. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण चूक माझीच होती.

आम्ही गावात पोचलो. ज्या पोराचं नाव आलं होतं, तो मांडवात पाटावर बसला होता, अंगभर हळद लावून. तोच नवरदेव होता. हातात चाकू, चाकूच्या टोकाला लिंबू खोचलेलं, आणि पात्यावर तांबूस-काळे डाग. माझे हवालदार वयानं मोठे आणि अनुभवी, पण त्यांनाही राहवलं नाही.

"साहेब, हा तं मुद्देमाल हातात घेऊनच बसला."

नवरदेवानं हळदीपासून लग्न लागेपर्यंत हातातलं शस्त्र सोडायचं नाही, ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. आमच्याकडंही आहे. पण नवरदेवाच्या चाकूनं माणूस मरत नाही असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पंचनामा केला, चाकू सील केला आणि पोराला जीपमध्ये बसवलं. त्याची आई जीपच्या दारापाशी आली. नवरा नसलेली बाई, एकुलतं पोर.

"साहेब, उद्या अकरा वाजता लगन हाय. पोरीकडच्यायले कळलं का पोलिसानं नेलं, तं मांडव मोडते. अन् हातचं हत्यार सुटलं, आता उंबऱ्याबाहेर पाय कसा टाकन तो?"

"बाई, माणूस दवाखान्यात पडलाय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

ठाण्यात चौकशी सुरू केली. पोरगा रडला नाही, गयावया केली नाही. भांडण झालं होतं हे लगेच कबूल केलं. चाकू कुठला, तर सानगडीच्या बाजारातला. "आमच्यात नवरदेवाच्या हाती हत्यार मामा देते," तो म्हणाला. "मले मामा नाई. मायले भाऊच नाई. म्हनून आपलाच चाकू धरला." मी त्याला चार तास उलटसुलट विचारलं. त्याचं उत्तर पहिल्यांदा जे होतं तेच शेवटपर्यंत राहिलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्ट थोडी सुधारून सांगतो, हा माझा अनुभव आहे.

दुपारी दवाखान्यातून डॉक्टरांचा दाखला आला. पाटकऱ्याच्या जिवाचा धोका टळला होता. जखमा दोन. एक खोल, दुसरी खांद्याच्या हाडापर्यंत जाऊन तिथंच तिरपी अडलेली. "हाड" हा शब्द वाचला आणि मला तो म्हातारा आठवला.

हवालदारांना म्हणालो, "एक कडक भोपळा आणा."

ते माझ्या तोंडाकडं बघायला लागले. "साहेब, जेवाचं पाहू का?"

"आणा हो."

भोपळा आला. मुद्देमालाला मी हात लावला नाही. माझा स्वतःचा चाकू काढला. त्याच लोहाराचा, त्याच जातीचा. बोटांभोवती रुमालाचे वेढे दिले, रागानं मारावा तसा चाकू पूर्ण मुठीत धरला आणि भोपळ्यात हाणला. पातं अडलं, मिटलं आणि रुमालावर आलं. रुमाल उलगडून टेबलावर पसरला. चार बोटांच्या जागी चार चिरा होत्या. हवालदारांनी चष्मा लावून त्या मोजल्या आणि ते कोठडीकडं गेले. नवरदेवाला घेऊन आले. मी त्याला दोन्ही हात पसरायला सांगितले. पिवळे हात, नांगराचे घट्टे, पण खरचटलेलंसुद्धा कुठं नव्हतं. आणि पात्यावरचे डाग? माझ्या चाकूनं मी रोज लिंबू कापत होतो. लोखंडाला लिंबू लागलं की असाच डाग पडतो, हे मला सकाळीच आठवायला हवं होतं.

मग बोटं कापलेला माणूस कोण? मी फिर्यादीचा कागद पुन्हा समोर घेतला. खाली सही नव्हती, डाव्या हाताचा अंगठा होता. हळदीचा हात. लग्नघरातले हात पिवळे असतात, त्यात नवल नाही. पण तळहाताची हळद कोणी सोग्यात लपवून ठेवत नाही.

"हा माणूस निरक्षर आहे का हो?" मी विचारलं.

"कोन म्हंते?" हवालदार म्हणाले. "पानठेल्यावर रोज पेपर वाचून दाखवते साऱ्या गावाले."

त्यांनी आवक नोंदवहीतून त्याचाच एक जुना अर्ज काढून दिला. आपल्या शेवटच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाणी पोचत नाही, पाटकरी मुद्दाम गेट लवकर पाडतो, अशी तक्रार होती. खाली झोकदार सही.

त्याला ठाण्यात बोलावलं. आरडाओरडा केला नाही, दम दिला नाही. खुर्ची दिली, चहा दिला. त्यानं बशी डाव्या हातानं उचलली. चहा संपू दिला आणि मग पाण्याची बादली आणि तांब्या पुढं ठेवला.

"तुम्हाला लिहिता-वाचता येतं. फिर्यादीवर अंगठा चालणार नाही, कोर्ट मला झापेल. हात धुवा आणि सही करा."

तो बादलीकडं बघत बसला. "राहू द्या ना साहेब," एवढंच म्हणाला. मी तांब्या उचलला आणि धार धरली. शेवटी त्यानं हात पुढं केला. पाणी पिवळं झालं, मग लालसर झालं. हळद लावलेल्या चिंधीखाली चारही बोटांवर एका रेषेत चिरा होत्या.

"धान जळून राह्यलं होतं माह्यं," तो म्हणाला. "दुसरा वार केला अन् चाकू मिटला. वाटलं, त्या पोट्ट्याचं भांडन साऱ्यायनं पाह्यलं हाय, चाकूबी त्याच्या हातीच हाय."

त्यानं दाखवल्यावरून चाकू त्याच्या गोठ्यातल्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगातून पंचांसमक्ष काढला. पुढं नागपूरच्या प्रयोगशाळेनं पात्याच्या खाचेतलं रक्त माणसाचं असल्याचं कळवलं आणि त्याला शिक्षा लागली. वरिष्ठांनी माझ्या सेवापुस्तिकेत शाबासकीची नोंद केली. ती नोंद मी आजही लोकांना दाखवतो, नाही म्हणणार नाही.

पण खरी अडचण संध्याकाळी आली. नवरदेवाची अटक मी कागदावर दाखवली नव्हती, तेव्हा त्याला सोडणं सोपं होतं. त्याची आई सकाळपासून ठाण्याच्या पायरीवर बसून होती. मी दोघांना समोर उभं केलं आणि चूक झाली असं सांगितलं. पोलिसाच्या तोंडून हे शब्द निघायला फार जड जातात, पण निघाले. बाई मात्र हलेना.

"चाकू द्या साहेब त्याचा."

चाकू सीलबंद होता. कोर्टाच्या हुकमाशिवाय मी तो देऊ शकत नव्हतो. तिला ते पटेना, आणि रिकाम्या हातानं पोराला उंबऱ्याबाहेर न्यायला ती तयार होईना. हवालदार कायदा समजावून सांगत होते. मी खिशात हात घातला, माझा चाकू काढला, भोपळ्याचा गर पुसला आणि नवरदेवापुढं धरला.

"हा घे. उद्या लग्न लागेपर्यंत हातातून सोडू नको."

त्यानं आईकडं बघितलं. ती चाकूकडं बघत होती. मग पदर डोक्यावर सारखा केला आणि मला विचारलं, "तुमी देता? तुमच्या हातानं?"

"हो."

"मंग उद्या मांडवात या लागते," ती म्हणाली. "मामाच्या पाटावर बसाले."

मी गेलो. युनिफॉर्ममध्येच गेलो, कारण पोरीकडच्यांना कळायला हवं होतं की पोलीस कशाला आले होते. अकराच्या ठोक्याला अक्षता पडल्या आणि त्या पोराच्या हातात माझा चाकू होता, टोकाला ताजं लिंबू.

हातात काय आहे ते कोणताही पोलीस बघतो. हात बघायचा असतो, हे मला या प्रकरणानं शिकवलं, आणि पुढच्या सगळ्या नोकरीत ते कामाला आलं.

पाचव्या दिवशी नवराबायको चाकू परत करायला ठाण्यात आले. मुठीजवळ लिंबाचा काळा डाग पडला होता. नवी नवरी म्हणाली, "राखेनं घासून देऊ का, मामाजी?" ठाण्यात मला त्या नावानं हाक मारणारं पहिलंच माणूस. हवालदार तोंड फिरवून हसत होते.

मी नको म्हणालो. डाग अजून तसाच आहे.