लाइकली सात

केंद्र सरकारच्या नोकरीत सव्वीस वर्षं फायली लिहून मी एक शब्द पक्का शिकले: लाइकली. मंजुरी मिळणं लाइकली आहे, उत्तर येणं लाइकली आहे. झालं तर आम्ही म्हटलंच होतं, नाही झालं तर नक्की कुठे म्हटलं होतं? कुणाच्या बापाला पकडता येत नाही. शब्द इतका अंगवळणी पडला की घरीही तोच. नवरा रोज सकाळी विचारायचा, किती वाजता येशील? मी चपला घालता घालता म्हणायचे, लाइकली सात. आणि हा दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्ये साडेआठला कुकर लावायचा. इतक्या वर्षांत भात कधी गार झाला नाही, म्हणजे बघा.

यंदाच्या हिवाळ्यात त्याचा खोकला जाईना. प्रदूषण, यार, सगळ्या दिल्लीला आहे, असं म्हणून मीच मेलीने झटकून टाकलं. मग स्कॅन झाला आणि फुप्फुसात गाठ निघाली. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा आम्ही दोघं चहा घेत होतो. शेवटची ओळ होती, लाइकली बिनाइन. म्हणजे गाठ साधी असावी, कॅन्सरची नसावी. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन.

मी म्हटलं, सुटलो बाबा. तो हसला नाही. चष्मा काढून त्याने विचारलं, “हे तुझ्यासारखं लाइकली आहे का गं?”

डॉक्टरांचं तसं नसतं, ते तपासून लिहितात, असं काहीबाही मी बोलत राहिले. पण आत एकच भीती: रिपोर्ट लिहिणाऱ्यानेही माझ्यासारखी आपली बाजू सांभाळून ठेवली असेल तर?

दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीसारखं विचारलं.

“सात,” मी म्हणाले. नुसतं सात.

वेड्यासारखं मनात धरलं होतं, माझी वेळ पाळली गेली तर त्या रिपोर्टचाही शब्द खरा होईल. साहेब थांबा म्हणाले, तरी मी पहिल्यांदाच उठून निघाले. सातच्या ठोक्याला बेल वाजवली. त्याने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

“डॉक्टरांचा फोन आला का तुला?” त्याने विचारलं. “इतक्या वेळेवर आलीस ती?”