सुधाताईंचा रिकामा पलंग

तर काल आपण सुधाताईंच्या डोक्याला तारा लावल्या, तिथवर आलो होतो. काल जे नव्हते त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की सुधाताई फडणीस म्हणजे माधवगंजातल्या आमच्या शेजारीण. लग्नाच्या नऊवाऱ्या शिवतात. हल्लीच्या पोरींना नेसता येत नाही, शिवलेली पायात चढवली की झालं. आणि तशी शिवावी तर आमच्या अख्ख्या लष्कर भागात सुधाताईंनीच. त्यांचे यजमान गोविंदराव गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता यांचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू बंद. बाईंनी त्याच वर्षी डाळ दुप्पट वाटली!

पण अर्धशिशीने त्यांना पार जेरीस आणलं होतं. चार टाके घातले की डोळ्यांपुढे वीज चमकायची. मशीन झाकून पडलं. मग कंपू भागातल्या एका दवाखान्यात हा तारांचा इलाज सुरू झाला. खुर्चीवर बसवतात, डोक्याला चिकट मलम लावून तारा चिकटवतात. समोर पडद्यावर पतंग. मन निवलं की पतंग वर चढतो, कपाळाला आठी पडली की खाली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आनंदाने टाळीच वाजवली, तर बाईंचा पतंग धाडकन खाली.

"आप्पा, तुम्ही जरा बाहेर बसा बरं," म्हणाल्या.

होता होता एका दुपारी भिंतीपलीकडून मशीनचा आवाज आला. थांबला नाही, चालूच राहिला. मी चहा तसाच ठेवून ऐकत बसलो.

पण इलाज अर्ध्यावरच होता आणि बाईंच्या गाठीचं संपलं होतं. म्हणून विम्याकडे गेल्या, अन् इथून घाण सुरू होते. वर्षानुवर्षं हप्ते घेणारी कंपनी म्हणते, खुर्चीवर बसून बऱ्या होत असाल तर आमचा संबंध नाही. रात्रभर दवाखान्यात पलंगावर पडा, मग बोलू. म्हणजे बरं होण्याचे पैसे नाहीत, पडून राहण्याचे आहेत! मी गावच्या शाळेत शिकलो, पण आमच्या गुरुजींनी असलं गणित कुणाला घातलं असतं तर गावाने त्यांनाच छडी मारली असती.

दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर नीलम बसते. गोड पोरगी, ताई-ताई करत बोलते. ती म्हणाली, "ताई, टेन्शन कशाला घेऊन राहिल्या? एक रात्र भरती दाखवू. एकदम जोराचं डोकं उठलं, सलाइन लावली, असं. तारांचा खर्च त्यातच बसवून देते. डॉक्टरसाहेब सगळ्यांचं करतात."

"सगळ्यांचं?" मी विचारलं.

"सबका, आप्पा."

ते 'सबका' तिने असं म्हटलं, जसं कुणी चहात साखर किती ते विचारावं. खऱ्या इलाजाचं बिल होत नाही. खोट्याला चादर, उशी, सलाइन आणि वर डॉक्टरचा शिक्का. कंपनीलाही हे ठाऊक, डॉक्टरलाही ठाऊक. दोघं एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात आणि मधे सुई टोचली जाते ती सुधाताईंना.

सुधाताईंचं डोकं पुन्हा उठायला लागलं होतं. एका नवरीची नऊवारी अर्धी शिवून पडली होती. त्यांनी मान खाली घालून हो म्हटलं. चांगल्याभल्या हातात सुई खुपसून घेतली, मनगटावर नावाचा प्लास्टिकचा पट्टा बांधून घेतला आणि आडव्या झाल्या.

चूक एकच झाली. दिवस नीलमने ठरवला, आणि नेमकं त्याच संध्याकाळी सुधाताईंच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गल्लीभर बोलावणी गेलेली. दुपारी पाहतो तो बाई ई-रिक्षातून उतरताहेत, हाताला सुई तशीच, वर पट्टी.

"अहो, आणि पलंग?"

"पलंग कुठे पळून जात नाही, आप्पा. गौर पाळण्यात बसलीय आणि कैरी किसायची राहिलीय. रात्री जाऊन पडते पुन्हा."

संध्याकाळी घर बायकांनी फुललं. मी पन्ह्याचा पेला घेऊन दाराशी बसलेलो. एक अनोळखी तरुणी उंबऱ्यात आली, गळ्यात ओळखपत्र. ती तोंड उघडणार तोच सुधाताईंनी हात धरून आत ओढली. हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, भिजल्या हरभऱ्यांनी ओटी भरली, डाळ आणि पन्हं हातात दिलं. पोरगी गोंधळून पीत होती. अर्ध्यावर तिची नजर बाईंच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे गेली. नाव वाचलं आणि पेला तसाच राहिला.

"आंटी, मी गरिमा. विमा कंपनीतून आले. मतलब... दवाखान्यात तुमचा पलंग रिकामा होता, म्हणून घरी विचारायला आले. तुम्ही तर भरती आहात ना?"

मी दारातून ठोकून दिलं, "ती ही नव्हे! ही तिची बहीण!"

आत कुणीतरी फिसकन हसलं. सुधाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पन्ह्यात तोंड घातलं.

गरिमाने आवाज खाली केला. "देखो आंटी, मलाही फाइल बंदच करायची आहे. पलंगावरच होते, असं लिहून सही देऊन टाका. मीही तसंच लिहिते. रोज अशाच फाइली बघते मी. वर कोणी वाचत नाही, पैसे मिळून जातील."

म्हणजे तपासायला आलेलीसुद्धा त्यातलीच! मला थुंकावंसं वाटलं. पण पलीकडे अर्धी नऊवारी पडली होती, अन् एका सहीने बाईंचा पतंग पुन्हा वर जाणार होता. खरं सांगतो, करा सही, असंच माझ्या मनात आलं.

सुधाताईंनी मनगटावरचा पट्टा दातांनी तोडला, गरिमाच्या ताटलीत ठेवला आणि म्हणाल्या:

"बाळ, आत्ताच तुझी ओटी भरलीय मी, त्याच हाताने खोटी सही नाही करणार. लिही, बाई पलंगावर नव्हती, घरी कैरी किसत होती. डोकं खरंच दुखतं, हेही लिही. खुर्चीवर बसून बरी होत होती, ते मोठ्या अक्षरात लिही, कोणी वाचो न वाचो. आणि ते पन्हं संपव आधी, गौरीपुढे अर्धा पेला ठेवून कोणी उठत नाही."