प्याल्याची पुसलेली कड

आईनं प्याला ओठांना लावला, डोळे मिटले, घोट घेतला. शेजारच्या थोरल्या बाईंनी तो तिच्या हातून घेतला आणि पदराच्या टोकानं कड पुसली. प्याला फिरवून पुन्हा पुसली. तरीही त्या प्याल्या नाहीत. तसाच पाळकांच्या हाती परत दिला.

सगळ्या देवळानं ते पाहिलं. भाकरीचं ताट घेऊन मी तिथंच उभा होतो.

सोलापुरातल्या आमच्या देवळात कुणी कुठं बसायचं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. पुढच्या बाकांवर जुनी घराणी, वरच्या जातींतून ख्रिस्ती झालेली. मागं आम्ही, मांगवाड्यातून आलेले. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा, प्याला एकच, चांदीचा. तो पुढून निघायचा आणि आमच्यापाशी येऊन संपायचा. म्हणजे सगळे एकाच प्याल्यातून प्यायचे, पण आमचं उष्टं कुणाला प्यावं लागायचं नाही. हे मला ठाऊक होतं. आईला नव्हतं.

दुष्काळाची वर्षं. आई सांगोल्याकडं खडी फोडत होती. उन्हानं तिचे ओठ फुटले होते. काही दिवस माझ्याकडं राहायला आली. पहिल्याच रविवारी तिनं उपदेश ऐकला. प्रभूच्या मेजावर मागचा-पुढचा कुणी नाही, पाळक म्हणाले. ज्याला त्याच्यामागं जायचंय, त्यानं मान, घर, पोट, सगळं सोडायची तयारी ठेवावी. आईनं ते खरं मानलं. पुढच्या रविवारी सरळ जाऊन पहिल्या बाकावर बसली.

थोरल्या बाईंचे यजमान मंडळीच्या, म्हणजे देवळाच्या सभासदांच्या, पंचांचे प्रमुख, आणि आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. मी त्या शाळेत कारकून. अजून कायम झालो नव्हतो. प्याला पाळकांकडं परत गेला तसं त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"तुझी आई ना ती? मागं ने तिला. ओठ बघ कसे झालेत. रोगबिग असला म्हणजे?"

त्याच बाकावर त्यांचा मेहुणा बसला होता. छातीचा आजार, रुमालात खोकत होता. त्याच्यामागून मंडळी वर्षानुवर्षं पीत आली होती. कुणी कड पुसली नव्हती.

एवढं बोललो असतो तरी पुरे होतं. मी आईचा दंड धरला.

"ऊठ. मागं चल."

"का रं? पाळकसायबच म्हनले की, हितं मागचं-फुडचं न्हाय म्हून."

"ऊठ म्हणतो ना!"

"मावशीला लग्नाची पंगत वाटली जणू, पुढं जाऊन बसायला," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. पाळक प्याला धरून खिडकीकडं बघत राहिले.

आई उठली. माझा हात झटकला.

"तू कुनाच्या मागं चाललायस? येशूच्या का सायबाच्या?"

पुढच्या प्रभुभोजनाला चांदीचा प्याला कपाटात गेला होता. प्रत्येकाला वेगळा, बोटाएवढा काचेचा पेला. आरोग्यासाठी, असं जाहीर झालं. मनुका उकळून त्यांचा रस मीच केला. पेले मीच भरले. मागच्या बाकापर्यंत ताट मीच नेलं.

आईनं पेल्यांकडं पाहिलं. "ज्याचं त्याला येगळं, व्हय?"

"व्हय."

"मंग मला नगं. त्यानं समद्यास्नी एकाच प्याल्यात दिलं हुतं."

मी ताट पुढं नेलं. त्याच वर्षी कायम झालो.

आईनं विश्वास सोडला नाही. रोज प्रार्थना करायची. पण प्रभुभोजन परत कधी घेतलं नाही. तिच्या अखेरच्या वेळी मी पेला घेऊन गेलो. तिनं ओठ घट्ट मिटले आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी मात्र सगळी हयात त्या काचेतून प्यालो. पंच झालो. पहिल्या बाकावर बसलो.

परवा देवळाचा वर्धापनदिन झाला. एक तरुण वक्ता म्हणाला, आपले वडीलधारे किती दूरदृष्टीचे! वेगळे पेले त्यांनी किती आधी आणले! टाळ्या पडल्या. माझेही हात उचलले गेले. तिथंच थांबले.

मी उभा राहिलो. "खोटं आहे हे. एका मांगाच्या बाईचे ओठ लागले म्हणून पेले आले. ती माझी आई. तिला मीच उठवलं."

"आजोबा, बसा. आज आनंदाचा दिवस आहे."

मी बसलो नाही.

कपाटाची किल्ली माझ्याकडं आहे. येत्या प्रभुभोजनाला चांदीचा प्याला मेजावर असेल. मी शेवटच्या बाकावर बसेन आणि प्याला तिथून निघेल. ज्यांना प्यायचंय त्यांनी आमच्यामागून प्यावं. कड कुणी पुसणार नाही. पाळकांनी अडवलं, मंडळीनं काढून टाकलं, तर काढून टाकू दे. बोटाएवढ्या पेल्याला आता माझे ओठ लागणार नाहीत. तो एकच प्याला मिळाला नाही, तर आईसारखा मीही त्या मेजावरून उपाशी जाईन.