दोनशे बारा अंगठे आणि एक ठराव

कळसाडीच्या कौसाबाईंनी आयुष्यभर डोक्यावर ओझी वाहिली. साठी उलटल्यावरही गाठोडं उचलताना त्या कुणाचा हात घेत नसत. दोन एकर कापूस होता, त्या जोरावर शेतकरी कंपनीच्या सभासद झाल्या आणि पुढे पाच संचालकांपैकी एक.

कंपनीच्या गोदामाच्या रस्त्यावर शेजाऱ्यानं भिंत घातली. ट्रक वळणावरच थांबू लागला. तिथपासून गोदामापर्यंत तीनशे चाळीस पावलं. कौसाबाईंनी ती कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन मोजली होती. अध्यक्ष योगेंद्र पाटलांनी एकट्याच्या सहीनं शहाद्याच्या कोर्टात दावा लावला. सोबत दोनशे बारा सभासदांचे सह्या-अंगठे. ते कौसाबाईंनी दारोदार फिरून आठ दिवसांत गोळा केले होते.

समोरच्या वकिलानं विचारलं, "कंपनीतर्फे दावा लावायचा अधिकार यांना कुणी दिला?" कोर्टानं महिन्याची मुदत दिली.

"एवढं गाव मागे आहे, अजून काय पाहिजे?" बाहेर येताच योगेंद्र चिडले.

कंपनीच्या वकील मोहिनी म्हणाल्या, "गाव म्हणजे कंपनी नव्हे. तिच्या वतीनं ठरवतं ते संचालक मंडळ. नोटीस काढा, बैठक घ्या, ठराव करा. झालेल्या दाव्याला मंजुरी आणि पुढे कोर्टात कोण उभं राहणार त्याचं नाव, दोन्ही त्यात हवं. तीन संचालक हजर पाहिजेत. नाहीतर दावा जाईल, भिंत राहील."

आठ दिवसांची मेहनत वाया गेली. कौसाबाईंनी अंगठ्यांचे कागद घडी घालून पिशवीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी बैठकीच्या नोटिसा संचालकांच्या घरी स्वतः पोचवल्या.

दोन संचालक कामधंद्यासाठी सुरतेला गेलेले. मुदतीच्या आत परतणार नव्हते. उरला रूपचंद. भिंतवाला त्याचा व्याही.

बैठकीच्या आदल्या दिवशी कौसाबाई त्याच्या शेतात गेल्या. वेचणी चालू होती. त्यांनी वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधली आणि त्याच्या शेजारच्या ओळीला लागल्या.

"कौसाबाई, तो मन्हा व्याही शे. उद्या त्याले कोनतं तोंड दाखाडू?"

"तुन्हा होकार मांगाले उनी नही मी. नही म्हन, पन बैठकमा ईसन म्हन."

त्यांना होकार नको होता, बैठकीत हजेरी हवी होती. रूपचंदच्या ओटीकडे पाहून त्या म्हणाल्या, "पाला निवडीसन टाक. वजन वाढाडी ऱ्हायना का?"

वेचणाऱ्या बायका हसल्या. रूपचंदही ओशाळून हसला आणि पाला काढू लागला. ऊन उतरेपर्यंत कौसाबाईंनी पाच गाठोडी बांधली. त्यांच्या कापसात काडी नव्हती. परतताना पुन्हा विचारलं नाही.

सकाळी अकराला योगेंद्र आणि कौसाबाई गोदामात बसले होते. सव्वाअकराला रूपचंद आला. चपला काढल्या, हजेरीवर सही केली.

"मन्हा विरोध लिखा."

"लिहा," कौसाबाई योगेंद्रना म्हणाल्या. "जसं बोलला तसंच लिहा."

दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर झाला. नावाचा रकाना राहिला. योगेंद्रना फिरतीचं काम. त्यांनी कौसाबाईंकडे पाहिलं. "लिखा मन्हं," त्या म्हणाल्या.

तारखेला मोहिनीबाईंनी ठरावाची प्रत दाखल केली. समोरच्या वकिलानं ती दोनदा वाचली आणि खाली ठेवली.

"कंपनीतर्फे कोण हजर आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

कौसाबाईंनी पिशवी बाकावर ठेवली आणि उभ्या राहिल्या.