शेजारचे बेटावरचे जर्मन

विलायतेत, हॅरोतले आमचे शेजारी जर्मन इंजिनियर. उभी हयात कॅरिबियन बेटावर बर्फाचा कारखाना चालवण्यात गेली. पहिल्यांदा त्यांना सातला जेवायला बोलावलं तेव्हा मी बायकोला बजावलं, "जर्मन माणूस, ठोक्याला येणार." ते नऊला उगवले. "आमच्या बेटावर वेळेवर जाऊन यजमानांची धांदल उडवत नाहीत," असं म्हणत थंडगार पुरणपोळ्या मिटक्या मारत खाल्ल्या. बायको म्हणाली, "अहो, यापुढे तुमचे अंदाज बंद!"

परवा पुन्हा बोलावलं. "नऊच्या आत येत नाहीत, लिहून घे," मी म्हणालो.

बरोब्बर सातला बेल वाजली. बायकोच्या डोक्याला मेंदी, मी बनियनवर कांदा चिरतोय.

"आज जरा जर्मन व्हावंसं वाटलं," फुलं पुढे करत ते म्हणाले.

बायकोने हसून त्यांना आत घेतलं. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "चिरा."