मालगुजारांच्या तसबिरीतले हात

भिवापूरकडच्या मालगुजारांच्या बंगल्यात चित्रं पुष्कळ. पण दिवाणखान्यातलं सगळ्यात मोठं चित्र खुद्द जुन्या मालगुजारांचं. फेटा, जरीचा कोट, मांडीवर ठेवलेले हात. त्यात चेहरा तेवढा त्यांचा. तो काढून झाला तशी बसून बसून त्यांना कंटाळा आला, म्हणाले, "बाकीचं याच्यावरून काढ." हा म्हणजे माझा बाप, त्यांचा गाडीवान. मालकाचा कोट घालून तो चित्रकारापुढे बसला. म्हणून त्या गोऱ्या तोंडाखाली काळे, राकट हात, आणि डावी करंगळी वाकडी. बैलगाडीच्या चाकाखाली आली होती ती.

बाबा गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. गाडीवानाचा फोटो कोण काढतो! दसऱ्याला गावचे लोक त्या तसबिरीखाली सोनं ठेवायचे. आई मात्र आपट्याचं पान वर नेऊन त्या करंगळीला टेकवायची. बंगल्यातले म्हणायचे, काय निष्ठा आहे बाईची! डोंबलाची निष्ठा. नवऱ्याला सोनं देत होती ती.

गुडघे गेले तशी आई माझ्याकडे नागपूरला, मनीषनगरात आली. आता नजरही चालली आहे. यंदा तिनं धोशाच लावला, "दिसून राहिलं तवर एकदा त्याइचे हात पाहू दे वं मले." दसऱ्याला गाडी करून नेलंच तिला.

बंगल्यातल्या सूनबाईंनी हौसेनं आत नेलं. "या आजी, नागपूरहून माणूस बोलावून सगळी चित्रं नवी करून घेतली."

मी वर पाहिलं. हात गोरेपान. करंगळी सरळ.

"चेहऱ्याला हात जुळतच नव्हते ना," सूनबाई सांगत होत्या. "चित्रकाराची चूक असणार. दुरुस्त करून घेतली."

असा संताप आला! पण भांडू कोणाशी? चित्र त्यांचं, भिंत त्यांची. बिचारी हसतमुखानं चहाचं विचारत होती. तिला हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

आई चित्राला नाक लागेल इतकी जवळ गेली. बराच वेळ पाहत होती. पान तिच्या मुठीतच होतं. मग ती सूनबाईंकडे वळली आणि अगदी अजिजीनं म्हणाली, "मंग जुने हात कुठी ठेवले, बाई?"