श्रावण वद्य पंचमीचा अर्ज

काशीच्या रामघाटावर नवा माणूस भेटला की मला हटकून विचारतो, "दिनानाथशास्त्री, तुमच्या धाकट्या भावाची अख्खी संहिता तोंडपाठ, आणि तो वकिलाचा मुन्शी कसा हो झाला?" पंधरा वर्षं हेच ऐकतोय. विटलो मी! सकाळी संध्येला बसावं, तर ओट्यावर मजुरांची रांग. कोणाची बोटं गिरणीत गेलेली, कोणी परांचीवरून पडलेला. "बाबूजी, हमार हाथ देखीं!" देवाचं नाव घ्यायचं कधी? आणि आमचे वेणीमाधवपंत उघडेबंब बसून प्रत्येकाला विचारणार, "कब लगी? कौन तारीख?" तारीख दोनदा विचारणार, दोनदा लिहिणार.

याचं मूळ १९३० सालात आहे. मंगला गौरीजवळ राहणारा शिवराम छापखान्यात कामाला होता. यंत्रात त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. मालक "देंगे, देंगे" म्हणत राहिला आणि त्या भल्या माणसाने पाच महिने विश्वास ठेवला. मग त्याची बायको कालिंदी आमच्या दारी आली. भरपाईचा कायदा आहे, पण अर्ज सहा महिन्यांच्या आत गेला पाहिजे, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं! वेणीमाधवाचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून अर्ज लिहायचं त्याच्याकडे आलं.

तो लिहायला बसला आणि मला म्हणाला, "दादा, कचहरीत अंग्रेजी तारीख चलते. तीच लिहितो."

मी भडकलो. "ज्योतिषी विश्वेश्वरशास्त्र्यांच्या, आपल्या वडिलांच्या, घरातून म्लेच्छांची तारीख लिहून कागद जाणार? तिथी लिही."

"पण दादा, इथल्या लोकांचा महिना..."

"तिथी लिही म्हणतो ना!"

तो मला कधी उलटून बोलला नाही. त्याने अपघाताचा दिवस लिहिला, श्रावण वद्य पंचमी.

आता काशीतल्या कोणत्याही मराठी पोराला ठाऊक असतं की आपला महिना अमावास्येला संपतो आणि इथल्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच, पण आपला श्रावण वद्य म्हणजे त्यांचा भाद्रपद. त्यांचा श्रावण वद्य आपल्यापेक्षा महिनाभर आधी येऊन जातो. मलाही ठाऊक होतं. रागात सुचलं नाही, एवढंच. कचहरीतल्या पेशकार कारकुनाने त्याच्या पत्र्यात, म्हणजे पंचांगात, सावन बदी पंचमी पाहिली आणि हिशेब केला. "पंडितजी, छह महीना तो बीत गया." अर्ज फेटाळला गेला. शिवराम घाटाच्या पायरीवर बसून डाव्या हाताने तोंड झाकून रडला, आणि कालिंदी आमच्याकडे बघत नुसती उभी राहिली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात. माझा भाऊ दुसऱ्या दिवशी चढला तो कायमचा! उशीर माफ करून अर्ज पुन्हा ऐकवायचा, तर कागद कसा लिहायचा ते शिकायला हवं. म्हणून एका वकिलाकडे मुन्शी झाला. वेदपाठी ब्राह्मण दिवसभर टाइपरायटरच्या खडखडाटात! मी बोललो, ओरडलो, दोन दिवस जेवलो नाही. त्याने माझं ताट झाकून ठेवलं आणि कचहरीत गेला.

चार महिन्यांनी सुनावणी झाली. आपल्या महिन्याचा पुरावा म्हणून घरचं पंचांग घेऊन मीही गेलो होतो. निकाल देणाऱ्या साहेबांनी ते पाहिलं, मान डोलावली. पण मालकाचा वकील बेरका होता. म्हणाला, अर्ज उशिरा पडला म्हणून यांनी आता महिना बदलला. मग त्याने वेणीमाधवाला उभं केलं.

"आप ज्योतिषी घराने के हैं. यहाँ का महीना कब बदलता है, नहीं जानते थे?"

"जानता था."

"तो फिर अंग्रेजी तारीख क्यों नहीं लिखी?"

वेणीमाधवाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो आता माझ्याकडे बोट दाखवेल, आणि रामघाटावर सगळीकडे होईल की विश्वेश्वरशास्त्र्यांच्या थोरल्या मुलाने हट्टापायी एका थोट्या माणसाच्या तोंडचा घास काढला.

"घमंड था, हुजूर," तो म्हणाला. "मेरा. इस आदमी का कोई कसूर नहीं."

स्वतःला असं खाली पाडून घेणारा माणूस कशाला खोटं बोलेल, असं साहेबांना वाटलं असावं. उशीर माफ झाला, शिवरामला भरपाई मिळाली. मी बाकावरून उठलो नाही. एक शब्द बोललो नाही. आजवर बोललेलो नाही.

पेशकाराने ही गोष्ट गावभर केली. ज्याला महिना कळत नाही त्याच्याकडून मुंजीलग्नाचा मुहूर्त कोण काढणार? वेणीमाधवाचे यजमान एकेक करून तुटले. ते सगळे आता माझ्याकडे येतात.